दुसऱ्या खणातलं कार्ड

कॅमेरा घ्यायचा असेल तर दुकानातल्या उजेडात बघू नका. तिथे सगळेच चांगले दिसतात. काउंटरच्या खाली वाकायचं, दुकानदार रिकामे खोके टाकतो तिथे, त्या अंधारात आपल्याच हाताचा फोटो काढायचा आणि मोठा करून बघायचा. नखं दिसली तर पुढे बोलायचं. नुसते रव्यासारखे दाणे दिसले तर शुक्रिया म्हणून उठायचं, मग तो काय वाट्टेल ते सांगू दे.

हे मला रझिया आपांनी शिकवलं. इथे रियाधमध्ये आमचं मराठी मंडळ आहे, त्याच्या एक ताई मला म्हणाल्या, दिवाळी अंकासाठी लिही ग, कमी पैशात चांगला कॅमेरा कसा घ्यायचा ते, बायकांना उपयोग होईल. मी नववीपर्यंत शिकले, रत्नागिरीकडच्या आमच्या गावात, मराठी शाळेत. मी म्हटलं ताई मला लिहिता येणार नाही. त्या म्हणाल्या, बोलतेस तसं लिही. तर बोलते तसं लिहितेय, आणि नाव छापायचं नाही हे आधी कबूल करून घेतलंय, कारण माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या कार्डावर, काम करायची परवानगी नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मी नवऱ्याच्या व्हिसावर आहे. हे एसीच्या कंपनीत आहेत, त्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा आहे तो मालक, म्हणाला जा तर आम्ही तिघं जाणार, मी, हे आणि आमची हिना. हे डोक्यात ठेवून वाचा, म्हणजे मी पुढे जे केलं ते का केलं ते कळेल. बरोबर केलं असं मी म्हणत नाही.

इथे लग्नाला बायकांचा हॉल वेगळा असतो. दारात एक बाई बसते, ती सगळ्यांचे मोबाईल घेते, पिशवीत घालते, नंबर देते. मग आत बायका अबाया, तो वरचा काळा झगा, काढतात आणि आत जे असतं ते बाहेर कोणी बघितलेलं नसतं, काय ते कपडे, काय ते केस. आतले फोटो काढायला बाईच लागते. रझिया आपा श्रीवर्धनच्या, रियाधमध्ये वीस वर्षं त्यांनी हेच केलं आणि मी दोन वर्षं त्यांचा लाइट धरला, नुसता लाइट, हात वर करून, खांदे भरून यायचे. मुलगी झाली तेव्हा दोन वर्षं घरी बसले आणि परत आले तर आपा म्हणाल्या, "मी आता गावाला चाललेय ग कायमची. गिऱ्हाइकांचे नंबर तुला देते, कॅमेरा नाही देत. कॅमेरा ज्याचा त्यानं घ्यायचा."

इथल्या काही अरब घरांची पद्धत अशी की फोटो आपण घरी न्यायचेच नाहीत. कार्यक्रमाला जाताना कार्डाचं सीलबंद पाकीट न्यायचं, मुलीच्या आईसमोर फोडायचं, तिच्यासमोर कॅमेऱ्यात घालायचं. संपलं की तिथेच काढून तिच्या हातात द्यायचं. पुढे ती काय करायचं ते करेल. आणि देताना शपथ घ्यायची, वल्लाही, हे एकच, माझ्याकडे काही नाही. आपली इंडियाची माणसं असं काही करत नाहीत, उलट म्हणतात कॉपी ठेव हां तुझ्याकडे, आमची हरवली तर.

तर कॅमेरा. माझ्याकडे आधी ह्यांच्या मित्रानं दिलेला एक छोटा होता. त्याच्यावर मी इथल्या अल मलाझ भागातल्या एका कोकणी घरातला साखरपुडा काढला आणि घरी आल्यावर कार्ड उघडेना. काहीच नाही. मुलीच्या आईला फोनवर सांगताना मी रडले आणि ती माझ्यापेक्षा जास्त रडली. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच होतं, दोन कार्डांचा कॅमेरा. असतो असा, त्याला दोन खण असतात, एक फोटो काढला की दोन्हीकडे जातो, एक गेलं तरी दुसऱ्यात राहतो. पण तो मोठ्या लोकांचा, महाग. आणि हे म्हणाले, "दीड हजार रियाल. वर एक मागायचा नाही."

जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान एका हैदराबादी भाईचं होतं. तो मला नवाच दाखवायला लागला, चकचकीत, हलका, ह्याच्यात एवढे मेगापिक्सेल, त्याच्यात तेवढे. मी काउंटरखाली वाकले तर तो घाबरला, म्हणाला, "क्या गिरा बाजी?" मी म्हटलं काही नाही, हाताचा फोटो काढते. दाणे दाणे आले. मग तो हसला आणि म्हणाला, "बाजी को सिखा के भेजे किसी ने. तो फिर मेगापिक्सेल का क्या अचार डालना है, इधर आओ."

मग त्यानं खालच्या कपाटातला जुना काढला. जड, कोपऱ्यांचा रंग गेलेला, रबर एका बाजूला सुटलेलं. पण दोन खण. मी काय काय बघितलं ते सांगते, तेवढा तरी उपयोग होऊ दे कोणाला. किती फोटो काढून झालेत तो आकडा विचारायचा, गाडीचे किलोमीटर विचारतात तसा, आणि तोंडी नाही, त्याच्या कॉम्प्युटरवर बघायचा. लेन्समधून मोबाईलची बॅटरी मारायची, आत कोळिष्टकासारखं काही दिसलं तर ती बुरशी, ती लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये. बॅटरी फुगलेली नाही ना ते टेबलावर ठेवून बघायचं, डुलली तर फुगलीय. आणि पैसे कमी असतील तर कॅमेरा जुना घ्या पण लेन्सवर कंजूसपणा करू नका. मी झूम न होणारी, अंधारात चालणारी साधी लेन्स घेतली, तिच्यासाठी आपणच पुढे-मागे चालायचं. हॉलमध्ये फ्लॅश मारला की बायकांचा मेकअप भिंतीच्या चुन्यासारखा दिसतो, म्हणून.

त्या जुन्यात वायफाय नव्हतं. भाई म्हणाला म्हणून तर स्वस्त आहे. मला पाहिजेच होतं नसलेलं. इथल्या आया पहिलं तेच विचारतात, ह्यातून फोनवर जातं का? आणि काउंटरखाली माझी नखं दिसली. अंगठ्याला लागलेलं पीठसुद्धा दिसलं.

सगळे पैसे तिथेच संपले. दुसऱ्या खणात भाईनं स्वतःचं एक वापरलेलं कार्ड घालून दिलं, चांगलं होतं ते. सीलबंद पाकिटं मात्र मी बाजारातल्या ढिगातून घेतली, दहा-दहा रियालची. वर नाव ओळखीचं होतं. मी कॅमेऱ्याला एवढं अंधारात वाकून बघितलं आणि कार्डाचं पाकीट उलटूनसुद्धा बघितलं नाही.

चार-पाच कामं नीट झाली, सगळी आपल्या माणसांची. मग आपांनी दिलेल्या नंबरावरून बुरैदाहून फोन आला, रियाधपासून गाडीनं चार तासांवर आहे ते. उम्म फहद, म्हणजे फहदची आई, इथे बायकांना मोठ्या मुलाच्या नावानं हाक मारतात. त्यांच्या मुलीचा निकाह होता, दुपारचं जेवण, घरातल्याच बायका, खजुरीच्या मळ्यातलं घर. आम्ही सकाळी निघालो, ह्यांनी कंपनीतून सुट्टी घेतली होती, हिना मागच्या सीटवर. ते घर कडक होतं. दारात माझासुद्धा मोबाईल घेतला. ह्यांना आणि हिनाला पुरुषांच्या बैठकीत नेलं.

उम्म फहदनी पाकीट माझ्याकडून घेऊन स्वतः फोडलं. मी कार्ड घातलं. मला अरबी कामापुरतं येतं, त्या माझ्यासाठी सावकाश बोलत होत्या, लहान मुलाशी बोलतात तसं. मी जे कळलं ते मराठीत लिहितेय.

काम चांगलं चाललं होतं. मुलीची आजी, उम्म फहदची आई, खिडकीजवळ गादीवर बसली होती. तिचा फोटो काढायचा नाही असं मला आधीच सांगितलं होतं. सरकारी कार्डापुरता चेहरा सोडला तर तिनं आयुष्यात फोटो काढून दिला नव्हता. मी त्या बाजूला कॅमेरा वळवतच नव्हते. आणि तिनंच मला हाक मारली, "ए हिंदी!", म्हणजे इंडियावाली. सगळ्या गप्प झाल्या. तिनं डोक्यावरचं काढलं. मेंदीनं नारिंगी झालेल्या दोन बारीक वेण्या. नातीला जवळ ओढली, तिची हनुवटी धरली आणि मला म्हणाली, "एक. एकच काढ. मग मी परत मागेन तेव्हा मला दाखव."

मी एकच काढला. बायका ओरडायला लागल्या, टाळ्या, ती जिभेनं काढतात ती आरोळी. कोणीतरी म्हणालं, "आजी आता नवरा बघा." ती म्हणाली, "बघितला एक, पुरला."

संपल्यावर उम्म फहद आल्या, हात पुढे केला. मी पहिल्या खणातलं कार्ड काढून दिलं. त्यांनी विचारलं, एकच? मी म्हटलं, वल्लाही, एकच.

मी खोटं बोलत नव्हते हो. म्हणजे बोलले, पण मला माहीत नव्हतं. दोन वर्षं आपांच्या एका खणाच्या कॅमेऱ्यातून कार्ड काढून देताना बघितलेलं, माझा छोटा पण एका खणाचा, हाताला तीच सवय. ज्या दुसऱ्या खणासाठी मी एवढी वणवण केली, तो मी विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास कॅमेरा पुसायला घेतला. बटण लागलं आणि पडद्यावर फोटो आला. नवरी. केस मोकळे. मी आधी म्हटलं कॅमेऱ्यात पण थोडे राहतात की काय. मग कळलं. तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसले. त्या घरातल्या सगळ्या बायका माझ्या घरात, माझ्या मांडीवर. मी शपथ घेतलेली. पोलिसात गेलं तर मी काय सांगणार, विसरले? इथे न विचारता कोणाचा फोटो बाळगणं हा गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि वर मी काम करायला नको अशी बाई.

ह्यांना फोन केला तर हे दुपारी जेवायला आले ते दार लावून घेऊनच बोलले.

"कोणाला बोललीस?"

"नाही."

"डिलीट कर. खलास."

"डिलीट केलेले परत निघतात, तो दुकानवाला भाई रोज काढून देतो लोकांना."

"मग जाळ. काहीही कर. मला विचारू नको, मला दाखवू पण नको." जेवले नाहीत. बूट घालताना म्हणाले, "परत नेऊन दिलं तर?"

मी म्हटलं, "वल्लाही म्हटलंय मी."

ते निघून गेले. आणि तेव्हा मला वाटलं की ह्यांनी पण कार्ड फोडायचंच ठरवलं. आता वाटतं त्यांनी विचारलं होतं, मीच ऐकलं नाही.

मी एक फोटो बघितला. फक्त आजीचा. खिडकीतला उजेड एका गालावर, नातीच्या हनुवटीखाली म्हातारीची बोटं, आणि म्हातारी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, मुलीकडे पण नाही, कुठेतरी मध्येच. एक-एक सुरकुती स्वच्छ होती, वेणीतला एक-एक केस. मी तसा फोटो आधी कधी काढला नव्हता आणि नंतर पण काढलेला नाही. मग मी कार्ड खलबत्त्यात घातलं आणि कुटलं. हिनाला वाटलं मसाला, ती टाळ्या वाजवत होती. तुकडे मी तीन वेगळ्या कचऱ्यात टाकले, एक तर पार दुसऱ्या गल्लीत जाऊन.

तीन आठवड्यांनी उम्म फहदचा फोन. नंबर बघून मी आधी गॅस बंद केला. त्या म्हणाल्या, कार्ड उघडत नाही. घरी उघडत नाही, त्यांच्या ओळखीची एक फोटो छापणारी बाई आहे तिच्याकडे पण उघडत नाही, ती म्हणते कार्डच नकली आहे. मग म्हणाल्या, "तुझ्याकडे काही नाही ना? एखादा तरी?"

मी म्हटलं, "नाही."

ते खरं होतं. त्या क्षणी ते एकदम खरं होतं.

आणि त्या म्हणाल्या, अल्ला तुझं भलं करो, तू अमानतदार आहेस, विश्वासाची. दुसरी कोणी असती तर चोरून ठेवले असते, आणि आज मला वाटतंय की ठेवले असते तर बरं झालं असतं, बघ मी काय बोलतेय. त्या हसल्या. मग म्हणाल्या, आजी रोज विचारते फोटो आला का. विसरायला झालंय तिला सगळं, दुपारी जेवली का ते विसरते, हे विसरत नाही. तू परत ये, आम्ही तिला समजावतो, परत एक काढू.

जाऊ नये असं हे म्हणत होते. पण नाही गेलो तर संशय येईल असं पण हेच म्हणत होते. गेलो. सगळ्या वाटेत हिना एकटीच मागे बडबडत होती.

ह्या वेळी घर रिकामं होतं. बाहेरच्या खोलीत उम्म फहद आणि मी, आजी आतल्या खोलीत. पडदा होता मध्ये. त्या म्हणाल्या, "ती ऐकत नाही. म्हणते मी एकदा दिला, दोनदा कशाला देऊ. पण बसून बघ, चहा पी, कदाचित." आणि त्यांनी नवीन पाकीट काढलं, त्यांनीच आणलेलं, महागातलं, माझ्यासमोर ठेवलं. मी कुठलं आणलं होतं ते एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "मी माझ्या बहिणीला सांगितलंय तुझ्याबद्दल. तिच्या तीन मुली आहेत. तिला म्हटलं, ही बाई काही ठेवून घेत नाही." मग पाकीट फोडलं, कार्ड माझ्या तळहातावर ठेवलं आणि नेहमीचं म्हणून, हसत हसत, म्हणाल्या, "वल्लाही? एकच?"

पहिल्यांदा शपथ घेतली ती विसरून घेतली होती. आता घेतली असती तर माहीत असून. इकामा आठवला, कफील आठवला, बाहेरच्या बैठकीतून हिनाचा आवाज येत होता तो ऐकू येत होता. आणि तरी जीभ उचलेना. मग मी कॅमेऱ्याच्या बाजूचं छोटं दार उघडलं आणि त्यांच्यासमोर धरलं.

त्यांनी वाकून बघितलं. "हे काय? दोन?"

"हो."

"दोन्हीत जातं?"

"हो."

त्या सरळ झाल्या. "त्या दिवशी पण होतं?"

"हो. मी विसरले होते. वल्लाही, विसरले होते."

मला वाटलं आता ओरडतील. फहदला हाक मारतील. मी दाराकडे बघून ठेवलं होतं. पण त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, उजळला, आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले, ओंजळ करून. "मग आहे ना? कुठाय? दे."

मी त्या हातांकडे बघत होते.

"फोडलं," मी म्हटलं. "दुसऱ्याच दिवशी. कुटून टाकलं."

"कशाला?"

"घाबरले."

"कोणाला?"

त्यांचे हात अजून तसेच पुढे होते. मग एकदम हळू म्हणाल्या, "मला द्यायचंस ना. फोन करायचास, ये म्हणायचंस, मी आले असते. मी काय केलं असतं तुला?"

त्या काय काय करतील ते सगळं मी मनात केलेलं होतं. पोलीस, कफील, विमान, हिनाची शाळा. हे एक सोडून.

आतून आजीचा आवाज आला. "कोण आलंय? हिंदी आली का? फोटो आला का?"

उम्म फहदनी ओढणीच्या टोकानं डोळे पुसले. पडद्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "येतोय, अम्मा. मोठा करायला दिलाय."

"मोठाच पाहिजे," आजी म्हणाली.

मग माझ्याकडे वळल्या. माझ्या तळहातावरचं कार्ड उचललं, परत पाकिटात घातलं. "यल्ला, नीघ आता," म्हणाल्या. "तुझी मुलगी रडतेय बाहेर."

वर्ष होत आलं. तक्रार कोणी केली नाही. त्यांच्या बहिणीचा फोन आला नाही, त्यांचा पण नाही. दारावर कोणी वाजवलं की मी अजून आधी कॅमेरा कपाटात ठेवते, तरी काम करते, आता आपल्याच माणसांची, आणि कार्डं चांगली घेते. आजी आहे की गेली, तेवढं एक मला कोणाला विचारता येत नाही.